तारखेचा एक गुण

हृदयाची झडप बदलायची तर आधी स्मृतिचाचणीत वीस गुण लागत. त्याखालचे म्हातारे तसेही वर्षभरात जातात, असं यंत्राचं गणित होतं. यमुताईंना एकोणीस मिळाले.

"आजची तारीख चुकली," खिडकीमागचा कारकून म्हणाला.

"कार्तिक वद्य नवमी सांगितली तिनं. बरोबर आहे!" लेक ऊर्मिला कडाडली. "पंचांग उघडून बघा."

"यंत्रात पंचांग नाही, मॅडम. चला, पुढचे कोण?"

"एका गुणासाठी मारताय तिला!"

त्यानं मान वर केली नाही. यमुताई लेकीच्या खांद्याला धरून उठल्या. दोन पावलांतच त्यांना धाप लागली.

"चल गं, कशाला तोंड वाजवतेस?" त्या म्हणाल्या. मग खिडकीत ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी बजावलं, "माझं श्राद्ध मात्र तिथीनंच घाल. यांच्या तारखेला मी जेवायला यायची नाही."