दहापैकी आठ

इंदूकाकूंचा आखडलेला हात आज सरळ कानाला टेकला. कोन मोजून फिजिओथेरपिस्ट शर्वरीने विचारलं, "दहापैकी किती दुखतंय?"

"आठ."

दीड महिना आठच! इतका मोकळा खांदा दुखतो तरी कसा?

सोबत आलेले काका बाहेर जाताच काकू कुजबुजल्या, "दोनच गं. पण बरी झाले म्हटलं की यांचं भाकऱ्या थापणं बंद! चाळीस वर्षांत आत्ता कुठे आयतं खातेय."

निघताना काकूंना न्यायला आत आलेले काका मागे रेंगाळले. "दोनच असेल, मला कळतं. पण आठच लिही. बरी झाली की मला स्वयंपाकघरात फिरकू देणार नाही. तिथेच तर आमच्या गप्पा होतात." त्यांनी हळूच मनगट पुढे केलं. "हे बघ जरा. थापून थापून आठ दुखतंय."

शर्वरी चक्रावली. काकूंच्या रकान्यात आठ लिहिताना मात्र पहिल्यांदाच तिला आकडा खरा वाटला.