काकस्पर्शाचं सेटिंग

कावळा पिंडापासून वीतभर अंतरावर हवेतच अडकला होता. पंख पसरलेले, चोच उघडी, हालचाल शून्य. डोंबिवलीच्या त्या घरात सगळे लॅपटॉपकडे डोळे लावून बसले होते.

आज आईचा दहावा. खडवलीला नदीकाठी जायचं तर चिखल, घाण, गर्दी, म्हणून सुदेशने एका आभासी जगात घाट बुक केला होता. तिथली नदी निळीशार होती. गुरुजी कल्याणला आपल्या घरी बसून मंत्र म्हणत होते आणि स्क्रीनवर त्यांचा बाहुला हात हलवत होता. सुदेशचा बाहुला तर सपाट पोट आणि दाट केस घेऊन उभा होता. योगिनीला त्या बाहुल्याची किळस आली. खऱ्या भावाची त्याहून जास्त.

"कावळा शिवत नाहीये रे," विमलामावशी म्हणाली. "ताईचा जीव कशात अडकलाय, तुला ठाऊक आहे. बोल ना."

ठाऊक सगळ्यांनाच होतं. जाताना आई एकच म्हणाली होती, यांना आश्रमात टाकू नका. आणि सुदेशने एका वृद्धाश्रमात बाबांची खाट ठरवूनही टाकली होती. सोमवारी न्यायचं होतं. कावळा शिवला नाही, तर गेलेल्या माणसाची इच्छा पुरी करायचा शब्द मुलाने द्यायचा, ही रीत. चार माणसांत दिलेला शब्द मोडायची सुदेशची छाती नव्हती. योगिनीची सगळी भिस्त त्यावरच होती. बाबा, विठ्ठलराव, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते.

सुदेशने तोंड उघडलं. योगिनीला वाटलं, आला एकदाचा वठणीवर.

"हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद राहिलंय," तो म्हणाला. "चित्रांचं काम ग्राफिक्स कार्डवर टाकलं की होईल चालू. दोन मिनिटं."

"दादा, लाज वाटते का रे तुला?"

"अगं, सेटिंगचा प्रॉब्लेम आहे. त्यात आईला कशाला आणतेस?"

त्याने खटाखट बटणं दाबली, घाट पुन्हा उघडला. नदी झुळझुळ वाहू लागली. कावळा झपकन उतरला आणि पिंडाला शिवला. मावशीचे हात नकळत जोडले गेले. "आत्मा तृप्त झाला," गुरुजी म्हणाले. सुदेशने मॅच जिंकल्यासारखं सगळ्यांकडे पाहिलं. जन्मभर याने आईकडून लाडीगोडी लावून होकार उपटले. मेल्यावरही तिला सोडलं नाही मेल्याने.

विठ्ठलराव खुर्चीचा हात धरून उठले.

"मानली का रे ती?"

"हो बाबा. शिवला ना कावळा."

"ती तुझं सगळंच मानायची. मी अजून जिवंत आहे, आणि मी मानत नाही. हे घर माझं आहे. सोमवारी बॅग तू तुझी भर."