दिव्याच्या पानापर्यंत

हातगाड्या भरून झाल्या होत्या. अर्धी वस्ती नदीच्या खालच्या अंगाला निघून जायच्या बेतात होती आणि उरलेली अर्धी तोंड फिरवून बसली होती. निघणाऱ्यांचं म्हणणं एकच: नदीवरचं चाक फिरलं, भट्टी पेटली, काच झाली, पण विजेचा दिवा काही लागत नाही. तारा गुंडाळत बसायचं तरी किती वर्षं?

"दुपारपर्यंत थांबा," मिस्त्रीबाई म्हणाली. "पुस्तक काय म्हणतं ते ऐका. मग खुशाल जा."

पुस्तक म्हणजे वस्तीचा जीव की प्राण. मोठ्या पडझडीनंतर मिस्त्रीबाईच्या वडिलांना ते एका कोसळलेल्या दुकानात सापडलं होतं. जपानी चित्रकथा. अक्षर कुणाला कळेना, पण चित्रं बोलकी. सुरुवातीला राखेत एकटा बसलेला म्हातारा, शेवटी दिव्यांनी लखलखणारं शहर. मधे चाक फळी फळी करून कसं उभं राहतं, भट्टीची वीट विटेवर कशी बसते, सगळं अगदी रेषेरेषेत. त्या चित्रांवरून बापाने चाक उभं केलं, लेकीने भट्टी. त्या अनोळखी चित्रकाराचे उपकार फेडायचे कसे, हे दोघांनाही कधी सुचलं नाही.

एक-दोन गोष्टी तेवढ्या चमत्कारिक होत्या. म्हाताऱ्याची दाढी पानागणिक आखूड व्हायची आणि शेवटी तो चक्क तरणाबांड दिसायचा. "कामात राहिलं की माणूस तरुण होतो," वडील म्हणायचे. शिवाय चित्रातल्या सगळ्यांचे चेहरे रडवेले. त्यावर वस्तीतला काचवाला म्हणायचा, "कामाला जुंपल्यावर माझंही तोंड असंच होतं."

अक्षर वाचणारी आत्ता कुठे मिळाली होती. समुद्राकडून सुनेबरोबर आलेली एक आजी. तिचे वडील पडझडीआधी बंदरावर दुभाषी होते. त्यांनी तिला जपानी शिकवलं आणि तिने थोडंफार सुनेला. पंचाईत एवढीच की आजीला जवळचं दिसत नव्हतं. काचवाल्याने तिच्यासाठी भिंगं घासायला घेतली, बरीच फोडली, स्वतःलाच शिव्या घातल्या आणि शेवटी जमवली. चष्मा नाकावर चढल्यावर आजीने आधी आपले हात पाहिले, मग सुनेचा चेहरा.

"अगं, तुझ्या गालावर तीळ आहे!" ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

तेव्हापासून काचवाला दिसला की ती हात जोडायची आणि तो लाजून पळ काढायचा.

सुतारशाळेत सगळे दाटीवाटीने बसले. मिस्त्रीबाईने हात पुसले, म्हाताऱ्याचं पान उघडलं आणि पुस्तक आजीच्या मांडीवर ठेवलं.

आजीने पान पाहिलं. पुस्तक उलटून त्याची पाठ पाहिली. पुन्हा पान पाहिलं. सून खांद्यावरून वाकली, काहीतरी बोलायला गेली, तशी आजीने तिला पाणी आणायला पिटाळलं.

"काय लिहिलंय हो?" मिस्त्रीबाईने विचारलं. बापाचं आणि तिचं, दोघांचं आयुष्य त्या पानांवर उभं होतं.

आजीने दाराबाहेरच्या गाड्यांकडे पाहिलं. मग दाराशी उभ्या काचवाल्याकडे.

"अक्षर बारीक आहे," ती म्हणाली. "मला घाई करू नका."

आणि ती वाचू लागली. राखेतला म्हातारा म्हणतो, माझ्या मागून माणसं येतील, त्यांना काहीतरी हाताशी लागलं पाहिजे. मग भट्टीची पानं आली, चाकाची आली. मिस्त्रीबाईचे ओठ आजीबरोबर हलत होते, जणू हे सगळं तिला आधीपासून ठाऊक होतं. तारांचं पान आलं तसा काचवाला पुढे सरकला.

"हे दोघं तार गुंडाळताना सारखे मागे वळून का बघतात?"

"कुणी जेवायला बोलावतंय का, ते बघतात," आजी म्हणाली. सगळे हसले.

गाडी भरून बसलेला कुंभार मात्र हसला नाही. "दिवा लागायला किती वेळ गेला, ते लिहिलंय का त्यात?"

"पुष्कळ गेला. तारा तुटल्या, माणसं रुसली, गाड्यासुद्धा भरल्या. पण गेलं कुणी नाही."

"असं लिहिलंय?"

"माझ्या डोळ्यांवर भरवसा नसेल, तर काचवाल्याच्या चष्म्यावर ठेव."

शेवटी दिव्यांचं शहर आलं. आजीने तेही वाचलं. पहिला उठला तो कुंभारच. बाहेर गेला आणि गाडीतली अंथरुणं उतरवू लागला. ते पाहून बाकीच्यांनीही आपापल्या गाड्या सोडल्या.

"चित्रकाराचं नाव काय?" मिस्त्रीबाईने विचारलं. आजीने वाचून दाखवलं. मिस्त्रीबाईने ते पुटपुटत पाठ केलं. "आभार मानायला आता नाव तरी मिळालं," ती म्हणाली आणि तिने आजीला घट्ट मिठी मारली. तिचा सगळा जीव सुखावला होता.

संध्याकाळी सासूसुना खोलीकडे निघाल्या. मागे सुतारशाळेत पुन्हा तारा गुंडाळायला सुरुवात झाली होती. कुणीतरी गुणगुणत होतं.

"आई," सून हळूच म्हणाली, "जपानी पुस्तकं आपल्या उलट, उजवीकडून सुरू होतात, असं तुम्हीच शिकवलंत ना मला?"

"हो."

"मग त्या राखेतल्या म्हाताऱ्याच्या पानावर..."

"'समाप्त' असं लिहिलं होतं," आजी म्हणाली. "भरलं शहर माणसांनी आपल्याच हातांनी कसं मोडून टाकलं, त्याची गोष्ट आहे ती."