वाढत्या मापाच्या कुबड्या

लेकीचं उजवं मनगट सकाळपासून लुळं लोंबत होतं, कप धरवेना. सासरे आणि मी तिला घेऊन डॉक्टरांकडे धावलो. पायाच्या दुखापतीनंतर तिच्या कुबड्या सासऱ्यांनीच बनवल्या होत्या. ते हाडाचे सुतार. "कुबडी उंच आहे, काखेतली नस दबलीय," डॉक्टर म्हणाले. "भार तळहातावर हवा. कुबड्या कापा, हात हळूहळू सुधारेल." घरी येताच सासऱ्यांनी करवत काढली. लेक बाकावरून बघत होती. "आजोबा, तुमचं माप चुकलं कसं?" ते त्यांना झोंबलं. "माझं माप चुकत नाही! चार बोटं मुद्दाम जास्त ठेवलीत. वाढत्या मापाच्या आहेत त्या, पाच वर्षं पुरतील..." आणि त्यांनी जीभ चावली. लेकीने माझ्याकडे पाहिलं. "पण आई, पाय दोन महिन्यांत बरा होणार म्हणालीस ना?" करवत लाकडातच थांबली. मी भुसा गोळा करायला खाली वाकले.