हनुवटीखालची खूण

स्वयंपाकघरात चमचा पडला.

"आई, काय गं पडलं?" जमिनीवर चित्र रंगवणाऱ्या मुलीने मान वर न करता विचारलं. आई तिच्या शेजारीच बसली होती. प्रश्न तिला नव्हता.

"मावशी म्हण," आतून मावशीने सुनावलं. "आई तुझ्याजवळ बसलीय."

मुलीने आधी दाराकडे पाहिलं, मग शेजारी. तिचा दोष नव्हता. आई आणि मावशी जुळ्या बहिणी होत्या, आणि आई दूरच्या जंगलात रंग बदलणाऱ्या शॅमेलिऑन सरड्यांच्या अभ्यासाच्या कामावर गेली तेव्हा मुलगी बोबडं बोलत होती. आता ती नीट भांडत होती. सोमवारी आईला परत निघायचं होतं. त्याआधी एकदा तरी आपल्या तोंडाकडे बघून मारलेली हाक तिला ऐकायची होती.

रडारड तिच्या स्वभावात नव्हती. तिने सॅकमधून दोन सरड्यांचे फोटो काढले. दिसायला सारखे, राहायला एकाच रानात, पण जाती वेगळ्या. रंगावर जायचं नाही, तिने सांगितलं. सरडा चिडला की काळा पडतो, झोपला की फिका.

मावशीपण चिडली की लाल होते, मुलीने माहिती पुरवली. आपण कधीच चिडत नाही, असं मावशीने आतून जरा मोठ्यानेच कळवलं.

मग आईने खरी खूण दाखवली. एकाच्या हनुवटीखाली दातेरी रेघ होती, दुसऱ्याची हनुवटी साफ. तिने स्वतःची हनुवटी वर केली. तिथे तीळ होता. मुलीने तो नखाने खरवडून पाहिला. आत जाऊन मावशीची हनुवटी तपासून आली.

"आई तू," ती म्हणाली.

आईने तिला मांडीवर ओढलं आणि तिच्या केसांत नाक खुपसलं. बराच वेळ काढलं नाही.

"पण अंधारात तीळ दिसत नाही," मांडीवरून आवाज आला.

अंधारात सरडा कसा ओळखायचा, हे कामावर येणारा प्रत्येक नवखा विचारायचा. उत्तर आईच्या जिभेवरच होतं. "मग झोपायची जागा बघायची. हा सरडा कायम खाली झुडपात झोपतो, तो उंच फांदीवर. जागा चुकत नाही."

मुलीने बाहेरच्या खोलीत सॅकशेजारी गुंडाळून ठेवलेल्या आईच्या अंथरुणाकडे पाहिलं. मग आतल्या पलंगाकडे. तिथे तिची छोटी उशी होती, आणि तिला खेटून मावशीची.

"मग अंधारात माझी आई कोण?"