पोकळ तोंडाचा सूर

“कवळी काढायची नाही. माझी शप्पथ आहे तुम्हाला.”

चारुशीला हे हसतमुखानं म्हणाली, कारण समोर फोटोग्राफर होता.

रविकांतनं बायकोपुढं मान डोलावली. एकुलत्या एक लेकीचं, निधीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. अकोल्याचं कार्यालय, मुलाकडची माणसंच माणसं, आणि तोंडात वरच्या दातांची नवीकोरी कवळी. अमरावतीहून निघाल्यापासून ती टाळूला चिकटून होती, ताबा न सोडणाऱ्या भाडेकरूसारखी. वकील असूनही तिच्यापुढे त्याचं काही चालत नव्हतं.

समोरच्या खुर्चीत वामनराव. नवऱ्या मुलाचे आजोबा. सकाळपासून एक शब्द नाही. पेढा पुढे केला तर हातानंच नको. “आजोबा, थोडं हसा,” फोटोग्राफर म्हणाला, तर ओठ आणखीच आवळले. उभी हयात त्यांनी लोकांची लग्नं लावली होती. त्यांच्या आवाजाला कधी माईक लागला नव्हता. आणि आज नातवाच्या साक्षगंधाला मंत्र म्हणा म्हटलं, तर नुसती मान हलवून नकार. शेवटी दुसरे गुरुजी बोलवावे लागले.

“स्थळ मनात नाही त्यांच्या,” चारुशीला पुटपुटली. “ते नाही म्हणाले तर या घरात कोणी हो म्हणणार नाही. तुम्ही आणखी काही करून ठेवू नका, बाप्पा.”

मुहूर्ताला वेळ होता. नवरा मुलगा, सौमित्र, उठून जवळ आला.

“काका, वाजवा ना ब्लूज. निधी किती दिवसांपासून सांगून राहिली.”

रविकांतचा हात खिशात गेला. दहा भोकांचा माउथ ऑर्गन नेहमी तिथंच असे. चारुशीलानं डोळे वटारले. पण जावई मागतोय म्हटल्यावर तीही काय करणार.

आत.

ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं दुःखाचं गाणं, ते ऑर्गनमधून श्वासानं आत ओढायचं असतं. फुंकर काय, कोणीही मारतं. श्वास पोटातून ओढायचा, जीभ खाली सोडायची, घसा उघडायचा. मग सूर ताठ उभा राहत नाही, वाकतो, कण्हतो, दमदार होतो. या आवाजासाठी रविकांतनं माईक बदलले, अॅम्प्लिफायर बदलले, परदेशातून ऑर्गन मागवले. केस पांढरे झाल्यावर कळलं: आवाज विकत मिळत नाही. तो तोंडाच्या पोकळीत असतो. जेवढी पोकळी, तेवढा आवाज.

आणि पोकळीत आता प्लास्टिक होतं.

बाहेर.

बारीक, चपटा, टिनाच्या डब्यातला आवाज. तिसऱ्या भोकातला सूर वाकायला गेला आणि अर्ध्यातच घसरला. टाळ्या मात्र पडल्या.

“व्वा, वकीलसाहेब! शाळेच्या गॅदरिंगची आठवण झाली,” कोणीतरी काका म्हणाले. तेही मनापासून.

कुणी हसलं असतं तर रविकांतनं सोसलं असतं. या टाळ्या सोसेनात. लेकीनं सासरी बापाचा आवाज सांगून ठेवला होता. आणि हा आवाज तिच्या बापाचा नव्हता.

त्यानं निधीकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत नव्हती.

“अहो,” चारुशीला म्हणाली. नवऱ्याची मान अशी ताठ झाली की पुढं काय होतं, हे तिला माहीत होतं. “अहो, नाही हं. अहो!”

बाहेर.

त्यानं तोंडात अंगठा घातला, कवळी ओढली, रुमाल पसरला आणि त्यावर ठेवली. टीपॉयवर. पेढ्यांच्या ताटाशेजारी.

“शी!” मागून बायकांचा आवाज आला. “उष्टं-खरकटं काही आहे का नाही? भिक्षुकाच्या घरचं कार्य आहे हे!”

रविकांतचे गाल आत बसले. एका क्षणात तो दहा वर्षांनी म्हातारा दिसू लागला. त्यानं ऑर्गनभोवती दोन्ही तळवे ओंजळीसारखे मिटले.

आत.

आत.

अजून आत.

सूर खालून आला. आधी तो पोटात होता, मग छातीत, मग त्या बोळक्या तोंडात गोल गोल फिरला, आणि ओंजळ उघडली तसा हंबरत सुटला. वाकला. इतका वाकला की आता तुटेल असं वाटलं, आणि तिथंच थांबून राहिला, कुणाच्या बापाला न भिता. पोरं पळायची थांबली. आचारी झारा घेऊन दारात आला. माईक बंद पडून होता, कुणाच्या लक्षातही नव्हतं.

यावेळी टाळी नाही.

वामनराव उठले.

काठी टेकत ते टीपॉयपाशी आले आणि रुमालावरच्या कवळीकडे टक लावून बघत राहिले. चारुशीलानं निधीचा हात घट्ट धरला. सौमित्रचे वडील लगबगीनं पुढं झाले, “बाबा, जाऊ द्या, वकीलसाहेबांच्या मनात काही वाईट...”

वामनरावांनी काठीनंच त्यांना थांबवलं. रविकांत सरळ उभा होता, पोकळ तोंडानं, नजर न वळवता. माफी मागायला तो तयार नव्हता.

म्हाताऱ्यानं पाठ फिरवली नाही. तोंडापुढं हातही धरला नाही. सगळ्यांदेखत तोंडात दोन बोटं घातली.

रुमालावर आता दोन कवळ्या होत्या.

“मुकं करून ठेवलं होतं मले यायनं, फोटोसाठी हे दात बसवून,” वामनराव म्हणाले. शब्द ओले, पसरट. पण आवाज मागच्या भिंतीला लागून परत आला.

मग ते चौरंगाकडे वळले.

“सरका गुरुजी. मंत्र मी म्हणतो.”