घरच्या पत्त्यावर

पोस्टातल्या माझ्या पेटीत भावाचं कार्ड होतं. कोपरा फाडलेला, म्हणजे मरणाचीच बातमी. आई जाऊन नऊ दिवस झाले होते.

घरी आलेलं माझं प्रत्येक पत्र सासूबाई फोडायच्या आणि जेवताना सगळ्यांना वाचून दाखवायच्या. आईनं एकदा नुसतं "पोरी, जिवाला जप" लिहिलं, तर आठवडाभर टोमणे ऐकले. म्हणून मी गुपचूप ही पेटी भाड्यानं घेतली आणि माहेरी बजावलं, "घरच्या पत्त्यावर काही म्हणजे काही पाठवू नका." इथं यायला महिन्यातून दोनदाच जमायचं, तेही दळणाच्या निमित्तानं.

आता घरी जाऊन रडू कशी? "तुला कुणी सांगितलं?" असं विचारलं की पेटीचं बिंग फुटणार.

मी खिडकीवर कोरं कार्ड घेतलं. डाव्या हातानं तीच बातमी लिहिली, कोपरा फाडला, घरचा पत्ता घातला आणि टाकलं.

दोन दिवस मुकाट्यानं पोळ्या लाटल्या, सासूबाईंचे पाय चेपले. तिसऱ्या दिवशी पोस्टमन आला. सासूबाईंनी कार्ड वाचलं.

"अगं, तुझी आई गेली. आणि बारा दिवसांनी कळवतात होय तुझ्या माहेरचे?"

तेव्हा कुठं मला रडता आलं.